धागा: नाशिकला औद्योगिक समूह आहे, की नुसती कारखान्यांची शेजारवस्ती?

सातपूरची_लेथ (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, नमस्कार. सातपूरच्या वसाहतीत गेली बावीस वर्षे माझे छोटे मशीन शॉप आहे. सहा सीएनसी, दोन व्हीएमसी ही संगणकावर चालणारी यंत्रे आणि वडिलांच्या काळातली एक जुनी लेथ, जी विकण्याचा धीर मला अजून झालेला नाही. गेल्या आठवड्यात उद्योजकांच्या एका बैठकीत नाशिकसाठी आणखी काही क्लस्टर, म्हणजे औद्योगिक समूह, मंजूर करून घेण्याची भाषा ऐकली आणि घरी येताना मनात आले की, जे मंजूर करून घ्यायचे ते नेमके काय असते, याविषयी आपल्यातच एकवाक्यता नाही. जमिनीचा तुकडा, त्यावरची शेड आणि दारावरची पाटी यांनाच आपण क्लस्टर म्हणू लागलो आहोत. म्हणून हा धागा.

आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये शेफील्डची सुऱ्या-कात्र्यांची कारखानदारी आणि तशी इतर गावे डोळ्यांसमोर ठेवून एकाच धंद्याचे लोक एकाच ठिकाणी का साचतात, याची कारणे दिली होती. कसबी कामगार मागणीच्या जागी आपोआप येऊन राहतो, मुख्य धंद्याला लागणारे जोडधंदे आसपास उभे राहतात आणि कामातली खुबी एका कारखान्यातून दुसऱ्यात कोणी मुद्दाम न शिकवता पसरते. यात सरकारी मंजुरीचा कोठेही उल्लेख नाही. आपल्याकडे १९९७ मध्ये आबिद हुसेन समितीने लघुउद्योगांना एकेकटी मदत देण्याऐवजी समूहाला मदत द्यावी, असे सुचवले आणि तेथून हा शब्द शासकीय कागदांत रुळला. त्यानंतर मात्र समूह आधी आणि योजना नंतर, हा क्रम हळूहळू उलटा झाला.

नाशिकचे म्हणाल तर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, सातपूरची वसाहत त्याच दशकातली. तेथे मायको (आजची बॉश) आली, पुढे महिंद्र आली, अंबडला क्रॉम्प्टनसारख्या विजेच्या सामानाच्या कंपन्या आल्या, नंतर सिन्नर, गोंदे, दिंडोरी असा पसारा वाढला. आमच्यासारख्यांचे गाळे या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढले. २००२ मध्ये महिंद्रची स्कॉर्पिओ आली तेव्हाचे दिवस मला चांगले आठवतात. सातपुरात रात्रपाळीला माणूस मिळत नव्हता. पुढे २०१० मध्ये त्याच कंपनीचा चाकणचा कारखाना सुरू झाला आणि आमच्यापैकी ज्यांना झेपले त्यांनी तिकडे दुसरा गाळा घेतला, ज्यांना झेपले नाही ते इथे राहिले. त्यात कोणाचा दोष आहे, असे मी म्हणत नाही. कारखानदार आपला फायदा पाहणारच. पण एका खरेदीदाराने दोनशे किलोमीटरवर दुसरे दार उघडल्याबरोबर ज्या वस्तीची झोप उडते, तिला समूह म्हणावे का, हा माझा प्रश्न आहे.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. रात्री दोन वाजता माझ्या यंत्राचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, गेला, तर सकाळपर्यंत मला गावातल्या गावात काय मिळते? पंधरा वर्षांपूर्वी अशा वेळी पुण्याच्या माणसाची वाट पाहावी लागे. आज अंबडमध्ये स्पिंडल उघडून, बेअरिंग बदलून, संतुलन करून देणारे आहेत. प्लेटिंग, पावडर कोटिंग, उष्णताप्रक्रिया, वायर-कट यांसाठी आता गावाबाहेर जावे लागत नाही. या दृष्टीने पाहिले तर आपण समूह आहोत. मात्र माझ्या शेजारच्या गाळ्यात माझ्यासारखेच काम करणारा माणूस बारा वर्षे बसला आहे आणि आम्ही आजवर एकही ऑर्डर वाटून घेतलेली नाही. आम्ही दोघेही वर, खरेदी विभागाकडे पाहतो. आडवे एकमेकांकडे पाहत नाही. आपला अनुभव काय आहे, तो कृपया लिहावा. राजकारण शक्यतो नको.

जुनी_पाळी (सोमवार, रात्री ११.०५)

आपण मायकोचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. मी तेथे तीस वर्षे नोझल विभागात होतो. इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या नोझलमधली सुई आणि तिचे घर यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. हाताला जाणवणार नाही इतक्या फरकावर इंजिनाचा धूर ठरतो. ते ग्राइंडिंग आणि लॅपिंग ज्याने दहा वर्षे केले, त्याची नजर कायमची बदलते. अशी नजर तयार झालेली शेकडो माणसे या गावात होती आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांतल्या कित्येकांनी मिळालेल्या पैशांत एकेक यंत्र घेऊन अंबडला भाड्याचा गाळा धरला. माझे दोन सहकारी आज गेज बनवतात. मार्शलसाहेबांची खुबी पसरते ती अशी, निवृत्तीच्या धनादेशातून.

आता काळजीचा भाग. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराची बीएस-६ मानके आली आणि जुन्या पद्धतीच्या पंप-नोझलची जागा कॉमन रेल या जास्त दाबाच्या इंधनप्रणालीने घेतली. त्यातली अचूकता आणखी वरची आहे आणि हाताच्या कसबाला त्यात पूर्वीइतके स्थान नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला तर नोझलच लागत नाही. मला वाटते, अशा वेळी समूहाची खरी परीक्षा होते. मायक्रॉनमध्ये काम करणारा हात डिझेलच्या नोझलसाठीच जन्मलेला नसतो. तोच हात हायड्रॉलिक व्हॉल्व्ह करू शकतो, शस्त्रक्रियेची उपकरणे करू शकतो, विमानाचे इंधनभाग करू शकतो. परंतु त्याला ते काम कोणी तरी आणून द्यावे लागते. लहान गाळेवाल्याकडे नवे गिऱ्हाईक शोधायला वेळही नसतो आणि भाषाही नसते. मोठ्या कंपनीचा ड्रॉइंग नंबर वाचता येणे वेगळे आणि अनोळखी धंद्यातल्या माणसाला आपले कसब समजावून सांगता येणे वेगळे.

निफाडचा_बाग (मंगळवार, सकाळी ६.५०)

कारखानदारांच्या धाग्यात शेतकऱ्याने घुसू नये असा नियम नसावा, असे धरून लिहितो. माझे मत थोडे धारिष्ट्याचे आहे. नाशिक जिल्ह्यातला सर्वांत पक्का औद्योगिक समूह सातपूर-अंबडमध्ये नसून पिंपळगाव बसवंत, निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आहे. आपण सर्वांनी सांगितलेल्या कसोट्या येथे लावून पाहाव्यात. छाटणीच्या, विरळणीच्या आणि डिपिंगच्या (घड संजीवकात बुडवण्याच्या) मजुरांच्या टोळ्या वेळेवर दाखल होतात. फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करणारा प्रत्येक मोठ्या गावात आहे. माती-पाणी-देठ परीक्षण, रोपवाटिका, प्रीकूलिंग, शीतगृह, खोके, खोक्यात माल टिकवणारे ग्रेप गार्ड कागद, कंटेनरवाला, निर्यातीचे कागद करणारा, हे सगळे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. आणि ज्ञान पसरण्याचे म्हणाल, तर शेजाऱ्याने कोणत्या तारखेला छाटणी घेतली आणि कोणते औषध मारले हे त्याच्या बायकोच्या आधी आम्हाला कळते.

पण हा पट्टा पक्का झाला तो सुखाने नव्हे. युरोपात माल पाठवायचा तर औषधांचे अंश मर्यादेत असावे लागतात, म्हणून अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, तिला क्रमांक, फवारणीची वही, काढणीपूर्वी प्रयोगशाळेने बागेतून नमुना उचलणे आणि अहवाल ठीक आला तरच माल पॅकहाऊसमध्ये घेणे, असा तो क्रम आहे. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. खरड छाटणीनंतर वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी ते वापरले जाई. ते तपासणीच्या यादीतच नव्हते, त्यामुळे येथे सगळे अहवाल स्वच्छ आणि तेथे बंदरावर कंटेनर अडकलेले, अशी अवस्था झाली. वर्षाची कमाई गेली, अनेकांवर कर्जे चढली. मी स्वतः त्या वर्षी दोन एकर बाग तोडली.

त्यानंतर जे घडले ते आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचे आहे. यादी वाढली, तपासण्या कडक झाल्या आणि एका बागाईतदाराची चूक सगळ्या जिल्ह्याला बुडवू शकते, हे प्रत्येकाला अंगावर काटा येईल इतके कळले. पुढच्या हंगामात शेजारी शेजाऱ्याला औषध मारू नको म्हणून सांगू लागला. मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी त्याच सुमाराच्या वर्षांत उभी राहिली. ती द्राक्षावर न थांबता टोमॅटो आणि फळप्रक्रियेपर्यंत गेली. आमचे नाव एकमेकांत अडकलेले आहे, म्हणून आम्ही आडवे पाहायला शिकलो. तुमच्या धंद्यात शेजाऱ्याचा माल नापास झाला तर तुम्हाला काम मिळते. आमच्यात त्याचा माल नापास झाला तर माझाही कंटेनर थांबतो. मूळ फरक मला येथे दिसतो.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ९.१५)

निफाडकर, तुम्ही द्राक्ष सांगितले आणि वाइन सोयीस्करपणे वगळली. विंचूरच्या वाइन पार्कबद्दलही दोन शब्द लिहा की.

निफाडचा_बाग (मंगळवार, दुपारी १.३०)

वगळले नव्हते, जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत होतो. ती गोष्ट सातपूरकरांच्या मुद्द्याला जास्त जवळची आहे. सुला ही वाइनरी १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा नाशिकला वाइन होऊ शकते, यावर कोणाचा विश्वास नव्हता. तो प्रयोग एका माणसाच्या जिद्दीचा होता. तो जमतो आहे असे दिसल्यावर राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या आणि विंचूरला वाइन पार्कसाठी भूखंड आखले. सवलती पाहून पुष्कळ वाइनरी निघाल्या, त्यांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लां लावली. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. दाणा लहान, बी मोठी, साल जाड. म्हणजे वाइनरीने उचलली नाहीत तर गिऱ्हाईकच नाही.

२००८ च्या अखेरीस मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसला आणि टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली. करार केलेल्यांनीही माल उचलला नाही, आणि माझ्या भाऊबंदांनी तीन-चार वर्षांच्या, नुकत्या फळाला आलेल्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. धोरणाने करणारे वाढवले. पिणारे वाढवणे धोरणाच्या हातात नव्हते. नंतर जो धंदा सावरला तो ज्यांनी स्वतःचा बाजार स्वतः बांधला, लोकांना बागेत बोलावले, राहायला खोल्या केल्या, त्यांच्यामुळे सावरला. गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवारी-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग पाहिली की ते कळते. भूखंडाने समूह होत नाही, या आपल्या मताला माझा येथे पूर्ण पाठिंबा आहे.

कोरा_कपडा (मंगळवार, संध्याकाळी ५.२०)

मी मालेगावचा. नाशिकची चर्चा सहसा नाशिक शहरापुरती असते, म्हणून सलाम करून आमचाही जिल्ह्यात समावेश आहे याची आठवण देतो.

आमच्याकडे समूह नाही असे कोणीच म्हणणार नाही. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी दीडशे वर्षांपूर्वी हातमाग लावले, त्यांचे यंत्रमाग झाले, आणि आज गल्लीगल्लीत खटखट चालू असते. सूत, भीम (ताण्याचे रूळ) भरणारे, सुताला खळ देणारे सायझिंगवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, सुटे भाग, भंगार, सगळे पायी अंतरावर. मार्शलसाहेब मालेगावला आले असते तर खूश झाले असते. तरीही आमचा विणकर गरीब का, याचे उत्तर या धाग्यावर मला हवे आहे.

माझे उत्तर असे आहे. बहुसंख्य मागवाल्यांचे सूत स्वतःचे नसते. व्यापारी सूत देतो, आम्ही विणून देतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. कापड बहुतेक कोरेच बाहेर जाते. रंग, छपाई, फिनिशिंग बाहेरच्या गावांत, अहमदाबादकडे, राजस्थानात पाली-बालोत्र्याकडे होते, आणि भाव तेथे मिळतो. सगळे एकत्र बसलो आहोत, पण सगळे एकाच पायरीवर बसलो आहोत. एकमेकांशी स्पर्धा करायची तर मजुरीत पैसा कमी करण्याखेरीज दुसरे काही उरत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये लागला. तेथेही अडचणी कमी नाहीत, पण तेथे धोतर-साडीवरून शर्टिंग-सूटिंग, ऑटोलूम, प्रोसेसिंग, तयार कपडे अशी वाट काही लोकांनी तरी धरली. आम्ही साधा माग सोडला नाही, कारण साध्या मागाला भांडवल कमी लागते आणि तोच एक धंदा पाचशे चौरस फुटांत सुरू होतो. तेव्हा समूह म्हणजे विकास असे समीकरण मांडू नये. समूह माणसाला वर नेतो, तसाच जागच्या जागी बांधूनही ठेवतो.

येवल्याच्या पैठणीवर कोणी लिहिणार असेल तर जरूर लिहा. तिचे दुकानदार आणि विणकर यांचे नातेही फार निराळे नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

पॅनेल_अंबड (मंगळवार, रात्री १०.४५)

समूह जागच्या जागी बांधूनही ठेवतो, हे कोरा कपडा दादांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. अंबडला माझा विद्युत पॅनेलचा कारखाना आहे. चौतीस माणसे, त्यांपैकी एकवीस बायका. वायरिंगचे काम त्यांच्याइतके नीट कोणी करत नाही, हे मी बाई आहे म्हणून म्हणत नाही. माझ्या नापास कामाची वही तसे सांगते.

मी सातपूरकरांच्या प्रश्नाला चाचणीच्या बाजूने उत्तर देते, कारण माझ्या धंद्यात सगळे तेथे अडते. नाशिकमध्ये क्रॉम्प्टन, एबीबी, सीमेन्स, श्नायडर यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांमुळे स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मरचे सामान करणारे शेकडो लहान कारखाने आहेत. मात्र स्वतःच्या नावाने पॅनेल विकायचे तर टाइप टेस्टचा, म्हणजे नमुना पॅनेल प्रयोगशाळेत तपासल्याचा, दाखला लागतो, आणि शॉर्ट सर्किटसारखी मोठी चाचणी करायची तर केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या बंगळूर किंवा भोपाळच्या प्रयोगशाळेत, नाही तर बडोद्याला एर्डा या चाचणी संस्थेत जावे लागे. आधी तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. मग पॅनेल ट्रकवर चढवायचे, इंजिनिअर आणि फिटर तेथे चार दिवस ठेवायचे. चाचणीत बसबारचा (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीचा) आधार तडकला की सगळे परत आणायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. माझा पहिला दाखला तिसऱ्या खेपेला मिळाला. तेवढ्या पैशांत एक पंचिंग यंत्र आले असते. म्हणून लहान कारखानदार काय करतो? तो स्वतःच्या नावाचा नाद सोडतो आणि मोठ्या कंपनीच्या नावाने जॉब वर्क करत राहतो. दादा, आमची मीटरमागची मजुरी ती हीच.

याच कारणाने नाशिकजवळ शिलापूरला असलेल्या त्याच केंद्रीय संस्थेच्या प्रादेशिक चाचणी केंद्राला मी शंभर भूखंडांहून अधिक महत्त्व देते. प्रयोगशाळा गावात असली की नापास होणे स्वस्त होते. आणि ज्याला नापास होणे परवडते तोच नवे काही करून पाहतो.

आता सामायिक सुविधा केंद्राचा, म्हणजे अनेकांनी मिळून यंत्रे वापरण्याच्या जागेचा, माझा अनुभव. नाव लिहीत नाही. केंद्र सरकारच्या योजनेत त्या वेळी १५ कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला ७० टक्के अनुदान होते, म्हणून आम्ही वीसहून अधिक जणांनी मिळून एक कंपनी केली. पहिले दीड वर्ष जागेत गेले. पुढचे वर्ष कोणती यंत्रे घ्यायची यात गेले, कारण ज्याला जे यंत्र स्वतःला परवडत नव्हते ते त्याला केंद्रात हवे होते. शेवटी यंत्रे आली तेव्हा निम्म्या सभासदांनी तशीच यंत्रे स्वतः घेतलेली होती आणि उरलेल्यांना आपले ड्रॉइंग अशा ठिकाणी पाठवायचे नव्हते, जेथे संचालक मंडळात आपलाच स्पर्धक बसतो. ऑपरेटर तीन वेळा सोडून गेला. अनुदान यंत्राला मिळते, ऑपरेटरच्या पगाराला मिळत नाही. आज ते यंत्र महिन्यातून आठ-दहा दिवस चालते. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी लबाडी केली नाही, तरीही असे झाले, म्हणून मला त्याचे जास्त वाईट वाटते.

ताळेबंद (बुधवार, सकाळी ८.०५)

मी सनदी लेखापाल आहे आणि माझे बहुतेक अशील अंबड-सातपूरचे लघुउद्योजक आहेत. या चर्चेत पैशाचा रस्ता कोणी दाखवला नाही, म्हणून लिहितो.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे व्याज मागण्याची हिंमत करणारे अशील माझ्या कारकिर्दीत मी एका हाताच्या बोटांवर मोजतो, कारण मागितले की पुढची ऑर्डर येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये २०२३ साली पोटकलम जोडले गेल्यापासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्याने काहींचे पैसे खरोखर वेळेवर येऊ लागले. काही खरेदीदारांनी मात्र माझ्या एका अशिलाला सरळ सुचवले की, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) सोडून द्या, म्हणजे आपला व्यवहार चालू राहील.

सांगायचे असे की, सातपूरकरांना शेजारी एकमेकांकडे पाहत नाहीत याचे नवल वाटते, त्याचे एक कारण ताळेबंदात आहे. ज्याचे चार महिन्यांचे पैसे वर अडकलेले आहेत, त्याची मान वरच राहणार. शेजाऱ्याला काम वाटून द्यायचे तर त्याला वेळेवर पैसे द्यावे लागतात, आणि ते स्वतःला मिळालेले नसतात.

ओझर_विमानतळ (बुधवार, दुपारी १२.४०)

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. जवळ असणे आणि जोडलेले असणे यांतला फरक पाहायचा तर ओझरकडे पाहावे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना तेथे १९६४ पासून मिग विमानांसाठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. साठ वर्षांत या कारखान्याने नाशिकला उत्तम तंत्रज्ञ, वसाहत, शाळा आणि धावपट्टी दिली. परवान्याखालच्या उत्पादनात मात्र सुटे भाग आणि धातू ठरलेल्या ठिकाणाहूनच आणावे लागत. स्थानिक गाळेवाल्याला त्यात शिरकाव कमी होता. सुखोईच्या वेळी थोडे दार उघडले. आता तेजस या लढाऊ विमानाची उत्पादन मार्गिका तेथे आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. विमान आपल्याच आराखड्याचे असल्यामुळे पुरवठादार कोण असावा हे ठरवण्याची मोकळीक अधिक आहे. जुनी पाळी यांनी म्हटलेला मायक्रॉनचा हात येथे उपयोगी पडू शकतो, मात्र त्यासाठी विमानउद्योगातल्या गुणवत्तेचे एएस ९१०० सारखे प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवण्याचा खर्च पंधरा माणसांच्या गाळ्याला एकट्याने पेलत नाही. नाशिक रोडच्या छापखान्यांचेही पाहा. १९२० च्या दशकापासून देशाच्या नोटा आणि मुद्रांक तेथे छापले जातात, पण गावात छपाईचा समूह तयार झाला नाही. गुप्ततेच्या धंद्यात तो व्हावा अशी अपेक्षाही चुकीची ठरेल.

श्रमिकनगर (बुधवार, रात्री ८.३०)

सगळे मालक बोलले, एक कामगार बोलतो. मी कंत्राटी आहे. नऊ वर्षांत अकरा कंपन्यांचे ओळखपत्र गळ्यात घातले. कसबी माणसांचा साठा गावात असतो म्हणून कारखाना गावात येतो, असे वर वाचले. हा साठा म्हणजे सकाळी सात वाजता नाक्यावर उभा असलेला मी. मला सात महिन्यांनी काढतात, म्हणून कोणत्याच यंत्रावर माझा हात पक्का बसत नाही. जुनी पाळी काका तीस वर्षे एका विभागात होते, तेव्हा त्यांची नजर तयार झाली. आता अशी नजर कोठे तयार होणार आहे, एवढे कोणी सांगावे.

जुनी_पाळी (बुधवार, रात्री ९.१०)

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्हाला पहिली तीन वर्षे शिकाऊ म्हणून फक्त घासायला आणि मोजायला लावले होते. त्या काळात कंपनीला आमच्यापासून काहीही मिळाले नाही. आज असा धीर कोणाकडे आहे, ते मला माहीत नाही.

सातपूरची_लेथ (गुरुवार, रात्री १०.२०)

सर्वांचे मनापासून आभार. मी अपेक्षा केली होती त्यापेक्षा धागा पुष्कळ पुढे गेला. निफाडकरांचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचला. आमचे नाव एकमेकांत अडकलेले नाही, म्हणून आम्हाला एकमेकांची गरज वाटत नाही. प्लेटिंगच्या सांडपाण्याचा प्रश्न तेवढा अपवाद म्हणता येईल. एकाने क्रोमियमचे पाणी सोडले की सगळ्या प्लेटिंगवाल्यांना नोटिसा येतात आणि आमचा माल थांबतो. तेथे आम्ही आडवे पाहतो, पण नोटीस आल्यावर.

पॅनेल ताईंच्या अनुभवावरून मी नव्या केंद्राचा नाद तूर्त सोडला आहे. त्याऐवजी एक लहान गोष्ट सुचवतो. माझ्याकडे सीएमएम आहे. ते मापनयंत्र मी एका मोठ्या ऑर्डरसाठी कर्जाने घेतले आणि ते आठवड्यातून तीन दिवस झाकून ठेवलेले असते. ऑपरेटर माझ्याच पगारावर आहे, तो सोडून जाण्याची भीती नाही. हे तीन दिवस मी तासाच्या ठरलेल्या दराने इतरांना देण्यास तयार आहे. ड्रॉइंगची भीती खरी आहे, ती मलाही वाटते. म्हणून भागाचे नाव, गिऱ्हाइकाचे नाव काहीही सांगू नये, ड्रॉइंगवरचा शीर्षकाचा चौकोन झाकून आणावा, मापे घेताना आपला माणूस समोर बसवावा आणि अहवाल घेऊन प्रोग्राम आपल्या देखत पुसून टाकावा. पैसे त्याच दिवशी; ताळेबंद साहेबांचे वाचून उधारीची छाती राहिलेली नाही.

श्रमिकनगरच्या भावाला सांगतो की, त्या तीन दिवसांत यंत्राशेजारी एक माणूस शिकायला बसू शकेल. पगार मी अर्धाच देऊ शकेन, हे आधीच स्पष्ट करतो.

पॅनेल_अंबड (गुरुवार, रात्री १०.५५)

माझ्या बसबारच्या साच्यांची तपासणी बाकी आहे. शनिवारी सकाळी मोकळे आहे का? आणि अर्ध्या पगाराची बाकीची बाजू मी देते, उरलेले तीन दिवस त्याने माझ्याकडे यावे.

शेजारचा_गाळा (गुरुवार, रात्री ११.४०)

सातपूरकर, आपण मला ओळखले असेलच. बारा वर्षे मी भिंतीपलीकडेच आहे. शनिवारी दुपारची वेळ माझ्यासाठी ठेवावी. शीर्षकाचा चौकोन झाकणार नाही. आपल्याकडे सध्या कोणते काम चालते ते मला आवाजावरून ठाऊक असते.